निद्रिस्त क्लाउड खात्याची मालकी : एका पडताळणीचा इतिहास

एखाद्या संस्थेचा पत्रव्यवहार, सभासदांच्या याद्या, हिशेब आणि छायाचित्रे दूरच्या कंपनीच्या संगणकांवर भाड्याने किंवा विनामूल्य घेतलेल्या जागेत ठेवली जातात, त्या व्यवस्थेला क्लाउड म्हणतात. हे खाते कागदोपत्री संस्थेचे असले, तरी त्याचा कारभार ज्याच्याकडे परवलीचा शब्द असतो त्या ‘ॲडमिन’च्या, म्हणजे प्रशासकाच्या, हाती असतो. हा प्रशासक नोकरी सोडून गेला किंवा निवर्तला, मोबाइल क्रमांक बदलला, सदस्यत्वाचे पैसे भरायचे राहिले, की खाते निद्रिस्त होते. काही वर्षांनी नवे कार्यकारी मंडळ त्याच्या दाराशी येते, तेव्हा आपण कोण हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या मंडळावर पडते. संस्था म्हणजे काय हे संगणकाला कळत नाही, त्याला फक्त खूण कळते, आणि ती खूण हरवल्यावर कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा हा प्रश्न साठहून अधिक वर्षे जुना आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस या प्रणालीचे प्रात्यक्षिक दाखवले. एकाच महागड्या संगणकाचा वेळ अनेकांमध्ये वाटून देणारी ही प्रणाली होती, आणि प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून तिच्यात परवलीचे शब्द आले. ते साध्या मजकुराच्या रूपात एकाच फाइलीत साठवलेले असत. १९६२ साली ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याने, वाट्याला आलेला वेळ अपुरा पडत असल्याने, छिद्रित कार्डावर त्या फाइलीचे नाव देऊन ती छापून मागितली आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. १९६६ साली तर दोन प्रशासकांच्या तात्पुरत्या फाइलींची अदलाबदल झाली आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या मजकुराऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द दिसू लागले. मात्र शब्द विसरलेल्या माणसाची त्या काळी फारशी अडचण होत नसे. ज्याच्याकडे दाद मागायची तो प्रशासक त्याच आवारात बसलेला असे आणि तो माणसाला चेहऱ्याने ओळखत असे.

रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली युनिक्स प्रणालीतील परवलीच्या शब्दांवर एक निबंध प्रसिद्ध केला. मूळ शब्द न साठवता त्यावर एकेरी गणिती प्रक्रिया करून मिळणारा अवशेष तेवढा साठवायचा, ही पद्धत त्यात मांडलेली होती; त्या अवशेषावरून मूळ शब्द उलट काढता येत नाही. या पद्धतीमुळे चोरी अवघड झाली, आणि त्याचबरोबर जुना शब्द परत देणे प्रशासकालाही अशक्य झाले. तेव्हापासून पुनर्प्रवेश म्हणजे जुनी किल्ली शोधणे राहिले नाही, वरिष्ठ अधिकाराने कुलूपच बदलणे झाले. युनिक्समध्ये तो अधिकार ‘रूट’ या सर्वोच्च खात्याकडे असे आणि रूटचाच शब्द हरवला तर यंत्राशेजारी जाऊन ते एक-वापरकर्ता स्थितीत सुरू करावे लागे. यंत्रापर्यंत प्रत्यक्ष पोहोचता येणे हाच मालकीचा अंतिम पुरावा होता.

इंटरनेटने हा पुरावा निरुपयोगी केला. १९९६ साली सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी सुरू केलेल्या हॉटमेलसारख्या सेवेत यंत्र कुठे आहे हे ग्राहकाला ठाऊक नसे आणि ग्राहक कोण हे कंपनीला ठाऊक नसे. त्यामुळे ओळख पटवण्याचे काम ‘आईचे माहेरचे आडनाव’ छापाच्या प्रश्नांवर आणि दुसऱ्या ई-मेल पत्त्यावर सोपवले गेले. ही व्यवस्था किती ठिसूळ होती हे २००९ साली ट्विटर कंपनीत उघड झाले. तिच्या एका कर्मचाऱ्याच्या जीमेल खात्याला पर्यायी पत्ता म्हणून एक जुने हॉटमेल खाते जोडलेले होते. ते दीर्घकाळ न वापरल्याने रद्द होऊन तोच पत्ता पुन्हा नोंदणीसाठी मोकळा झाला होता. एका फ्रेंच घुसखोराने तो पत्ता स्वतःच्या नावे घेतला, जीमेलचा शब्द बदलण्याची मागणी केली, दुवा त्याच्याच हाती आला आणि तिथून तो कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांपर्यंत पोहोचला. निद्रिस्त खाते हे निरुपद्रवी अडगळ असते, हा समज या प्रकरणाने खोटा ठरवला.

व्यक्तीऐवजी संस्थेची ओळख पटवण्याची रीत रुजली ती गूगलने ऑगस्ट २००६ मध्ये संस्थांच्या स्वतःच्या डोमेनवर ई-मेल देणारी सेवा सुरू केल्यानंतरच्या काळात. डोमेन म्हणजे संस्थेचे इंटरनेटवरील नोंदणीकृत नाव; पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आखलेल्या डीएनएस या नामव्यवस्थेत त्या नावाखाली विविध नोंदी ठेवता येतात. पुनर्प्रवेश मागणाऱ्याला सेवादाता अक्षरे आणि अंक यांची एक यादृच्छिक माळ देतो; ज्या निबंधकाकडे, म्हणजे नावे विकणाऱ्या कंपनीकडे, डोमेन नोंदलेले आहे, तिच्या नियंत्रण-फलकात जाऊन अर्जदाराने ती माळ ‘टीएक्सटी’ किंवा ‘सीनेम’ प्रकारच्या नोंदीत भरायची, आणि ती सार्वजनिक नामव्यवस्थेत दिसली की सेवादाता अर्ज पुढे नेतो. जुन्या नोंदींच्या प्रती जगभरच्या यंत्रांत काही काळ साठून राहतात, म्हणून यात कधी काही मिनिटे तर कधी कित्येक तास जातात. मायक्रोसॉफ्टच्या सेवेत एखाद्या कर्मचाऱ्याने संस्थेच्या पत्त्यावरून परस्पर नोंदणी करून निर्माण झालेले, प्रशासकच नसलेले खातेसुद्धा संस्थेला याच रीतीने ताब्यात घेता येते. ही रीत स्वच्छ आणि निःपक्षपाती आहे, कारण तिच्यात अर्जदाराचे आर्जव किंवा हुद्दा यांना स्थान नाही.

तिची मर्यादा अशी की डोमेन हीसुद्धा मुदतीची वस्तू आहे. डिसेंबर १९९९ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टकडून, हॉटमेलच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या ‘पासपोर्ट’ या डोमेनचे शुल्क भरायचे राहिले आणि हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना प्रवेश मिळेनासा झाला. अखेर टेनेसी राज्यातील एका लिनक्स प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले. सर्वसाधारण डोमेनांना रद्द झाल्यावर ३० दिवसांचा विमोचन-काळ, म्हणजे जुन्या धारकाला नाव सोडवून घेण्याची मुदत, मिळतो, त्यानंतर ते नाव कोणीही घेऊ शकतो आणि त्यासोबत पडताळणीचा अधिकारही त्याच्याकडे जातो. मे २०१८ पासून, युरोपीय विदासंरक्षण कायद्यामुळे, नोंदणीधारकाचे नाव आणि पत्ता सार्वजनिक नोंदवहीत बहुधा झाकलेले असतात. व्यक्तीच्या खासगीपणासाठी ते योग्यच झाले, पण नोंदणी नेमकी कोणत्या पत्त्यावर आहे हे शोधणाऱ्या संस्थेचा एक सोपा मार्ग त्याने बंद केला. साठवलेला मजकूरही कायम राहत नाही. मायक्रोसॉफ्टच्या बहुतेक व्यावसायिक सदस्यत्वांत मुदत संपल्यावर ३० दिवस सर्वांना आणि पुढचे ९० दिवस केवळ प्रशासकाला मजकूर पाहता येतो. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये बंद केलेले खाते ९० दिवसांच्या आतच पुन्हा उघडून घेता येते.

मुदती पाळण्याची आणि अधिकार सिद्ध करण्याची शिस्त महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांना नवी नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्त कार्यालयात ‘चेंज रिपोर्ट’ दाखल करावा लागतो, आणि बँकेत सह्यांचे अधिकार बदलायचे तर ठरावाची प्रत द्यावी लागते. क्लाउड खात्याच्या बाबतीत मात्र पडताळणी करणारे यंत्र ठराव वाचत नाही. ते डोमेनची नोंद वाचते, आणि ते डोमेन पुष्कळदा संकेतस्थळ बनवून देणाऱ्या व्यक्तीच्या खासगी पत्त्यावर नोंदलेले असते. कायद्यातील मालकी आणि यंत्राला दिसणारी मालकी यांतील हे अंतर संस्थेनेच मिटवायला हवे. डोमेन संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या पत्त्यावर असावे, प्रशासक किमान दोन असावेत, आणि पदाधिकारी बदलाच्या ज्या ठरावात बँकेच्या सह्यांचा उल्लेख होतो त्याच ठरावात निबंधक, नूतनीकरणाची तारीख आणि प्रशासकांची नावे इतिवृत्तात लिहिली जावीत.