भावाबहिणींची रांग

हेरोदाच्या भयाने मिसर देशी गेलेल्या पवित्र कुटुंबाला पोप बारावे पायस ह्यांनी सर्व स्थलांतरित कुटुंबांचा आदर्श म्हटले, ते १ ऑगस्ट १९५२ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘एक्सुल फामिलिया’ ह्या दस्तऐवजात. त्याच वर्षी अमेरिकेने मात्र नवा कायदा करूनही १९२४ पासूनची राष्ट्रनिहाय कोट्याची पद्धत कायम राखली. ब्रिटनला वर्षाला पासष्ट हजार जागा, इटलीला जेमतेम साडेपाच हजार, आणि भारताला शंभर! त्या शंभरही १९४६ साली पदरात पडलेल्या. इटालियन कॅथलिकांची सख्खी भावंडे वर्षानुवर्षे पलीकडच्या तीरावर ताटकळत होती.

जुलै १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी ह्यांनी ही पद्धत मोडण्याची सूचना केली. मूळ विधेयकात निम्म्या जागा कुशल माणसांसाठी होत्या. ओहायोचे प्रतिनिधी मायकल फीगन ह्यांनी तो क्रम उलटवून आप्तांना पुढे आणले. ह्यात कुटुंबाविषयीच्या कळवळ्यापेक्षा हिशेबच अधिक असावा, असे मला वाटते. अमेरिकेत बहुसंख्य युरोपीय वंशाचे. तेव्हा त्यांचे आप्त येतील तेही युरोपीयच. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी अध्यक्ष जॉन्सन ह्यांनी कायद्यावर सही केली. कोट्यातील शंभरांपैकी ७४ जागा आप्तांना मिळाल्या, त्यांतल्या २४ भावाबहिणींच्या!

हिशेब साफ चुकला. युरोपात सुबत्ता आली. तिकडची माणसे घर सोडीनात. इकडे भारतातले डॉक्टर, अभियंते कौशल्याच्या बळावर गेले, पुढे नागरिक झाले आणि त्यांनी भावासाठी अर्ज केला. भावाबरोबर भावजय गेली; नागरिकत्व मिळताच तिने आपल्या बहिणीला बोलावले.

रांग मात्र लांबतच गेली. १९९० च्या कायद्याने भावंडांना साऱ्या जगासाठी मिळून वर्षाला ६५,००० जागा दिल्या. त्यांत त्यांची बायकामुलेही मोजली जातात. १९९६ च्या कायद्यानुसार बोलावणाऱ्याला आप्ताच्या निर्वाहाची हमी लिहून द्यावी लागते आणि ती न्यायालयातही बंधनकारक असते. भारतातील भावंडांना आज पंधरा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागते. अर्जाच्या वेळी कडेवर असलेले मूल तोवर एकविशी ओलांडते. मग आईबापांना व्हिसा मिळतो, त्याला नाही. २००२ च्या कायद्याने थोडी सवलत दिली: अर्ज मंजुरीसाठी कचेरीत पडून राहिला तेवढे दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. रांगेत गेलेली वर्षे मात्र वजा होत नाहीत.