काळ्या घोड्याच्या वाटेवर आपली माणसे

एका रविवारची गोष्ट. मिस्सा संपली होती आणि चर्चच्या आवारात मंडळी घोळक्याघोळक्याने उभी होती. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रावर काम करणारे एक गृहस्थ फादरांजवळ आले. त्यांच्या मुलाने नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. ते म्हणाले, ‘‘फादर, पोरगा चित्रकलाच शिकणार म्हणतो. मुंबईला जहांगीरमध्ये प्रदर्शन भरवीन म्हणतो. आता तुम्हीच सांगा, तिथे आपल्यातला कोणी कधी गेलाय का?’’

फादरांनी हसून माझ्याकडे पाहिले. मला एकच नाव चटकन आठवले आणि तेही अर्धेमुर्धे. घरी आल्यावर जुनी पुस्तके चाळली, तेव्हा मनाला चुटपुट लागली. नावे होती, एकाहून अधिक होती. पण ती आपण आपल्या मुलांना कधी सांगितलीच नव्हती. त्या गृहस्थांना आवारात जे उत्तर देता आले नाही, ते या लेखात देण्याचा प्रयत्न आहे.

मुंबईच्या चित्रप्रदर्शनांचा इतिहास जहांगीर कलादालनाच्या बराच आधी सुरू होतो. १८५७ साली तेथे जे. जे. कलाशाळा स्थापन झाली आणि १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी. सोसायटीची वार्षिक प्रदर्शने हा त्या काळच्या शहरातील मोठा सोहळा असे. तेथे पदक मिळाले की चित्रकाराचे नाव होई आणि व्यक्तिचित्रांची कामे त्याच्याकडे चालून येत. या सोसायटीचे १९२० सालचे सुवर्णपदक ज्यांना मिळाले, ते आंतोनिओ झेवियर त्रिंदाद गोव्यातील सांगे येथे १८७० साली जन्मले होते. त्यांनी जे. जे. मध्ये शिक्षण घेतले आणि पुढे तेथेच अध्यापन केले. पदकप्राप्त चित्राचे नाव होते ‘फ्लोरा’, आणि ते होते त्यांच्या पत्नीचे व्यक्तिचित्र. एका कॅथलिक घरातील गृहिणी त्या दिवशी मुंबईच्या प्रतिष्ठित प्रदर्शनात भिंतीवरून लोकांकडे पाहत होती. छायाप्रकाशाच्या हाताळणीमुळे त्रिंदादांना ‘पूर्वेकडील रेम्ब्रॉं’ म्हटले गेले. १९३५ साली त्यांचे निधन झाले.

त्यांची कन्या अँजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) हीही जे. जे. मध्येच शिकली. वडिलांची रीत युरोपीय होती. कन्येने अजिंठ्याकडे आणि आपल्या लघुचित्रांकडे पाहिले आणि पवित्र मरीयेला भारतीय वेष व भारतीय चेहरा दिला. पोप बारावे पायस यांनी तिचा पदक देऊन गौरव केला. एकाच घरात, एका पिढीच्या अंतराने, हे केवढे मोठे वळण आले! परंतु हे वळण सर्वांनाच इतके सुखाने घेता आले नाही.

आंजेलो द फॉन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांतइस्तेव बेटावर झाला. घरच्यांच्या इच्छेनुसार ते मुंबईला वैद्यकीचे शिक्षण घेऊ लागले. पण मन रमेना. ते शिक्षण सोडून त्यांनी चित्रकलेचा रस्ता धरला आणि जे. जे. मधील युरोपीय वळणाचे शिक्षणही पुरेसे न वाटल्याने बंगालची वाट धरली. अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस हे त्यांचे गुरू. गोव्यात परतल्यावर त्यांनी पवित्र मरीया रंगवली ती लुगडे नेसलेली आणि आपल्याकडील सावळ्या स्त्रीच्या चेहऱ्याची. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात अनेकांना हे रुचले नाही. देवमातेला गावातल्या बाईसारखे दाखवणे म्हणजे तिचा अवमान, असे त्यांना वाटले. फॉन्सेकांना आपली भूमी सोडावी लागली.

आसरा मिळाला तो पुण्यात, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी उभारलेली ही संस्था. कॅथलिक चित्रकाराची मरीया अँग्लिकन आश्रमाच्या छपराखाली वाढली, ही गोष्ट आज आपल्याला अंतर्मुख करते. अर्थात आपल्यातील सर्वांनीच पाठ फिरवली असे नव्हे. मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील येशूसंघीय इतिहासकार फादर हेन्री हेरास यांनी फॉन्सेकांना प्रोत्साहन दिले, त्यांची चित्रे संग्रही ठेवली.

फॉन्सेकांवर आक्षेप घेणाऱ्यांना एका जुन्या घटनेचे विस्मरण झाले होते. १५८० साली फादर रुदोल्फ आक्वाविवा आणि फादर मोन्सेरात हे येशूसंघीय अकबर बादशहाच्या फत्तेपूर शिक्रीच्या दरबारी पोहोचले. त्यांनी बादशहाला बहुभाषी बायबलचे सचित्र खंड भेट दिले. त्यांतील आणि इतर युरोपीय चित्रांवरून दरबारच्या चितारींनी मरीया आणि बाळ येशू रंगवले, ते आपल्या रंगांनी आणि आपल्या कुंचल्याने. म्हणजे फॉन्सेकांच्या साडेतीनशे वर्षे आधीच ही माउली भारतीय चित्रात आली होती, आणि तिला आणणारे हात ख्रिस्ती नव्हते.

तिसरे नाव मला त्या रविवारी अर्धेमुर्धे आठवले ते. फ्रान्सिस न्यूटन सूझा. जन्म साळगाव, गोवा, १९२४. वडील लवकर वारले. लहानपणी देवी आल्या. मूल वाचावे म्हणून आईने संत फ्रान्सिस झेवियर यांना नवस केला, आणि मूल वाचल्यावर त्याच्या नावात ‘फ्रान्सिस’ आले. आई शिवणकाम करून मुंबईत संसार चालवी. या मुलाला आधी शाळेने काढले आणि पुढे ‘चले जाव’ चळवळीतील सहभागामुळे १९४५ साली जे. जे. नेही काढले. १९४७ साली सूझांनी सहकाऱ्यांना जमवून ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ स्थापन केला. त्यात रझा आणि हुसेन होते, तसेच कृष्णाजी आरा, हरी अंबादास गाडे आणि शिल्पकार सदानंद बाकरे होते. घरगडी म्हणून काम केलेले आरा, विदर्भातील गाडे, साळगावचा सूझा, अशी ही विविध घरांतील मुले एका ध्येयाने एकत्र आली. नाझी छळाला कंटाळून मुंबईत आलेल्या लाँगहॅमर, श्लेसिंगर यांसारख्या युरोपीय रसिकांनी त्यांना आधार दिला.

त्या काळी चित्रकारांना हक्काचे दालन नव्हते. आरांचे पहिले एकल प्रदर्शन १९४२ साली ‘चेतना’ या उपाहारगृहात भरले होते. प्रोग्रेसिव्हांचे प्रदर्शन जुलै १९४९ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या रॅम्पार्ट रोवरील दालनात भरले. मुल्कराज आनंदांनी त्याचे उद्घाटन केले. त्याच वर्षी सूझांची चित्रे अश्लीलतेच्या आरोपावरून एका प्रदर्शनातून उतरवण्यात आली आणि पोलिसांनी त्यांच्या घराची झडती घेतली. त्याच वर्षी ते इंग्लंडला निघून गेले. तीन वर्षांनी, १९५२ साली, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून काळा घोडा येथे जहांगीर कलादालन उघडले. दालन आले, तेव्हा सूझा गेलेले होते.

सूझांचा ख्रिस्त पाहून आजही आपण दचकतो. त्यांच्या १९५९ सालच्या ‘क्रूसिफिक्शन’मधील प्रभू आपल्या वेदीवरच्या मूर्तीसारखा शांत नाही, काळ्या जाड रेषांत पिळवटलेला, दात आवळलेला आहे. काहींना त्यात राग दिसतो, काहींना निंदा. सूझांचे चर्चशी भांडण होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण शुभशुक्रवारी आपण जे दुःखसहन ऐकतो ते खरोखर सोसणाऱ्या देहाचे चित्र कसे असेल, असा प्रश्न ते चित्र विचारते. ते चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीची घटना जाहीर केली. चर्चने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून मानलेली नाही आणि सर्व वंशांच्या व प्रदेशांच्या कलेला चर्चमध्ये मोकळीक असावी, असा तिचा आशय आहे. ज्यासाठी फॉन्सेकांना गोवा सोडावा लागला, त्याला विश्वपरिषदेने मान्यता दिली. चारच वर्षांनी, १९६७ च्या डिसेंबरात, पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पत्नीने ती चित्रे जपली, म्हणून आज पर्वरीच्या झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रात ती पाहता येतात. त्रिंदाद पितापुत्रीची चित्रे पणजीच्या फुंदासांव ओरिएंत या संस्थेत आहेत. सूझांचे ‘बर्थ’ हे १९५५ चे चित्र २००८ साली लिलावात सुमारे २५ लाख डॉलरला गेले. त्याआधीच, २००२ साली, मुंबईत त्यांचे निधन झाले होते आणि शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना मातीआड करण्यात आले होते. बाजाराने त्यांना ओळखले. आपण धर्मग्रामांतील कुटुंबांनी मात्र त्यांची ओळख करून घेण्यास फार उशीर केला.

त्या गृहस्थांना मी आता एवढेच सांगेन. पहाटे पंचवटी एक्सप्रेसने निघा, मुलाला बरोबर घ्या. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून काळा घोडा पायी जाण्याइतका जवळ आहे. ज्या पुतळ्यावरून चौकाला ते नाव पडले तो १९६५ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला, पण नाव राहिले. जहांगीरला तिकीट लागत नाही. समोरच, ज्या कावसजी जहांगीर सभागृहात पूर्वी सभा भरत, तेथे १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. १९९९ पासून तर दर वर्षी हिवाळ्यात या परिसरात कला महोत्सवाची जत्राच भरते. चित्रे कळली नाहीत तरी संकोच नको. मुलाला बोलू द्या, आपण ऐकावे. आणि शिक्षणासाठी लगेच मुंबई गाठण्याचीही गरज नाही. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकारांनी नावारूपाला आणलेली जलरंगाची परंपरा आपल्या नाशकातच आहे.

मुलाने उद्या काढलेली मरीया कदाचित अंबडच्या पाळीवरून परतणाऱ्या एखाद्या बाईसारखी दिसेल, हातात डबा असलेली, दमलेली. त्या वेळी आपण काय म्हणतो, याची मला काळजी आहे. फॉन्सेकांना गोव्याने काय म्हटले, ते आपल्याला आता ठाऊक आहे.