सुकाणूवरचा माणूस आणि त्याचा दाखला

मंडळी, आपण जळगाव-धुळ्याची माणसं. आपल्याला समुद्र नाही, तापी आहे. तापीत दोन नावा एकमेकींवर आदळल्या असं आपण सहसा ऐकत नाही. आपल्या नद्यांत नाव उलटते ती जास्त माणसं भरल्यामुळे, नाहीतर पाणी चढल्यामुळे. पण मुंबई बघायला गेलेलं आपलं कुटुंब गेटवेवरून एलिफंटाच्या बोटीत बसतंच. 18 डिसेंबर 2024 ला त्याच वाटेवर 'नीलकमल' बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली आणि 15 माणसं गेली.

तेव्हा सगळीकडे एकच विचारणा झाली, चालवणाऱ्याकडे परवाना होता का? आम्हाला वाटतं, हा प्रश्न अर्धा आहे. नौदलाच्याच निवेदनाप्रमाणे त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती, इंजिनात बिघाड झाला आणि ताबा सुटला. इथे दाखला काय करणार? खरा प्रश्न असा, की चाचणी प्रवासी बोटींच्या वाटेवर का झाली?

दाखल्याचा इतिहासही तेच सांगतो. इंग्लंडने 1850 च्या कायद्याने परदेशी जाणाऱ्या जहाजांच्या कप्तानांना आणि त्यांच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना परीक्षा सक्तीची केली. गंमत म्हणजे आधीपासून काम करणाऱ्यांना परीक्षा न घेताच सेवेचा दाखला दिला. हात बसलेल्या माणसाला घरी बसवायची हिंमत सरकारलाही झाली नाही! पण एकट्या परीक्षेने भागलं नाही. समोरासमोर आलं तर कोणी कुठे वळायचं, कोणते दिवे लावायचे, हे सगळ्यांना एकसारखं हवं होतं. ब्रिटन आणि फ्रान्सने 1863 मध्ये तसे नियम ठरवले, मग इतर देशांनी ते उचलले.

तरीही 25 जुलै 1956 च्या रात्री अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ 'आंद्रेआ डोरिया' आणि 'स्टॉकहोम' आदळल्याच. दोन्हीकडे परीक्षा दिलेले अधिकारी, दोन्हीकडे रडार. एक डावीकडे वळलं, दुसरं उजवीकडे, म्हणजे दोघंही एकाच बाजूला. 51 माणसं गेली.

म्हणून दाखला फुकट आहे का? नाही हो. नियम दोघांनाही ठाऊक असेल तरच समोरचा काय करणार याचा अंदाज येतो. परीक्षेची खरी कमाई ती. शिवाय किती माणसं घ्यायची याचा जाब विचारायला कोणीतरी नावानिशी सापडतो.

आपल्याकडे मात्र 1917 च्या अंतर्देशीय जलवाहतूक कायद्यातले मास्तर आणि सारंग हे दाखले यंत्रावर चालणाऱ्या बोटींपुरतेच होते. वल्ह्यावरचा तापीचा नावाडी त्यात नव्हताच. 2021 च्या नव्या कायद्यात बिनयंत्राच्या नावांच्या नोंदणीची सोय आहे. पण नोंद झाली नावेची. चांगदेवजवळ, जिथे पूर्णा तापीला मिळते, तिथलं पाणी आषाढात कसं फिरतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला 1850 सारखा सेवेचा दाखला कोण देणार, हे आपण आपल्या जिल्हाधिकाऱ्यांना विचारायला हवं.