पेलेट शेगडीची कुळकथा

पेलेट शेगडी ही दाबून केलेल्या भुशाच्या कांड्या जाळणारी आणि पंख्याने हवा घेणारी शेगडी आहे. कांडीची जाडी साधारण ६ ते ८ मिलिमीटर असते. लाकडाचा भुसा, उसाची चिपाडे, भुईमुगाची टरफले असा वाया जाणारा माल दळून, वाळवून ती तयार होते. या शेगडीत हवा दोन वाटांनी येते. खालची हवा कांड्यांच्या थरातून वर चढते आणि त्यांतला जळाऊ वायू मोकळा करते. वरच्या भोकांतून येणारी हवा तो वायू पेटवते. दोन्ही हवांचे प्रमाण जमले की आच भरपूर मिळते आणि धूर जवळजवळ दिसत नाही. या दोन वाटा वेगळ्या कशा झाल्या, हाच शेगडीचा इतिहास आहे आणि त्या मोकळ्या ठेवणे हीच तिची निगा.

चूल आणि कोळशाची शेगडी

लाकूड तापले की त्याच्या वजनाचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग वाफ आणि वायू होऊन बाहेर पडतो. उरलेला कोळसा निखारा म्हणून जळतो. एक किलो कोरडे लाकूड पूर्ण जळायला सुमारे ६ किलो हवा लागते. घरच्या चुलीत ही हवा एकाच तोंडातून, जळणाबरोबरच आत येते. थोडी हवा लाकडापर्यंत पोचते, बरीचशी नुसतीच गार वाऱ्यासारखी निघून जाते, आणि न जळलेला वायू धूर होऊन घरभर पसरतो. फुंकणी हा त्यावरचा सर्वांत जुना उपाय. ती हवा हवी त्या जागी नेमकी नेते. मात्र फुंकणाऱ्याचा श्वास आणि डोळे त्यात खर्ची पडतात. चुलीला जोडलेल्या वैलाने वाया जाणारी आच दुसऱ्या भांड्याखाली नेली, पण हवेचा प्रश्न तसाच राहिला.

कोळशाच्या शेगडीने पहिली मोठी सुधारणा केली. मध्ये जाळी, वर कोळसा, खाली राखेचा कप्पा आणि त्याला झडप. हवा आता जाळीखालून येऊ लागली, आणि झडप उघडी-बंद करून आच कमी-जास्त करता येऊ लागली. पेलेट शेगडीची जाळी आणि राखेचा कप्पा हा थेट तिथून आलेला वारसा आहे. कोळशातले वायू भट्टीतच निघून गेलेले असल्याने या शेगडीला वरच्या हवेची गरज फारशी भासली नाही.

धूर घालवण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात स्वातंत्र्याच्या सुमारास पद्धतशीर सुरू झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून मगन चूल आकाराला आली. तिने धुराड्यावाटे धूर घराबाहेर काढला. पुढे १९८०च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम देशभर राबवला. या चुलींनी स्वयंपाकघराला मोठा दिलासा दिला. तरी धूर घराबाहेर गेला, तो जळून गेला नाही.

भुशाची शेगडी

पेलेट शेगडीची सर्वांत जवळची पूर्वज म्हणजे मुंबईच्या चाळींत आणि महाराष्ट्राच्या गावांत वापरात असलेली भुशाची शेगडी. लाकडाच्या वखारीतून आणि करवतकारखान्यांतून भुसा स्वस्तात मिळे. पत्र्याच्या डब्याच्या मधोमध बाटली किंवा गोल दांडा उभा करायचा, तळाजवळच्या भोकातून दुसरा दांडा आडवा त्याला भिडवायचा, भोवती भुसा ठासून भरायचा आणि दोन्ही दांडे अलगद काढून घ्यायचे. आत एक उभी नळी आणि तिला मिळणारी आडवी वाट तयार होई. खालून पेटवले की नळीच्या भिंती आतून बाहेर हळूहळू जळत आणि एकदा भरलेली शेगडी कित्येक तास आच देई. अंघोळीचे पाणी तापवायला, धान्य शिजवायला ती उत्तम.

या शेगडीने दोन गोष्टी शिकवल्या. सैल भुसा ठासल्याशिवाय नीट जळत नाही, आणि एकदा भरलेल्या इंधनाला मधेच हात लावायचा नसतो. भुसा ओला असला की नळी ढासळते आणि आग गुदमरते. यातला प्रत्येक धडा आजच्या कांडीलाही लागू आहे.

कांडीचा जन्म

भुसा घरोघर हाताने ठासण्याऐवजी यंत्राने आधीच दाबावा, ही कल्पना पशुखाद्याच्या कारखान्यांतून आली. तिथे पेंड आणि कोंडा भोके पाडलेल्या जाड पोलादी साच्यातून रुळांच्या दाबाने ढकलून गोळ्या करत. तेच यंत्र भुशाला लावले. दाबाने आणि घर्षणाने भुसा तापतो, लाकडातले लिग्निन मऊ होऊन बंधकाचे काम करते, आणि गार होताच कांडी कडक होते. वेगळा डिंक लागत नाही. सुटा भुसा घनमीटरला दोनशे किलोच्या आसपास भरतो, तर चांगल्या कांड्या सहाशे किलोंच्या वर. कांडीतला ओलावा दहा टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो.

१९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये या इंधनाला चालना मिळाली. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील अभियंता जेरी व्हिटफील्ड यांनी घर तापवणारी पेलेट शेगडी बाजारात आणली. तिच्यात कांड्यांची पेटी, त्या थोड्या-थोड्या पुढे सरकवणारा मळसूत्री दांडा, छोटे ज्वलनपात्र आणि विजेचा पंखा असतो. थंड देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या ओळखीची शेगडी ती हीच. मुंबईच्या हवेत खोली तापवण्याची गरज नाही. इथे कांडीला वाट मिळाली ती स्वयंपाकघराची.

उलटी आग

स्वयंपाकाच्या पेलेट शेगडीमागची मूळ युक्ती म्हणजे आग वरून लावणे. अमेरिकी संशोधक थॉमस रीड यांनी १९८५च्या सुमारास ही रचना मांडली. नॉर्वेचे पाल वेंडेल्बो स्वतंत्रपणे तिथेच पोचले. डबा इंधनाने भरून वरचा थर पेटवला की आग हळूहळू खाली सरकते आणि खालची हवा वर चढते. आगीच्या थराला मिळणारी हवा मोजकीच असल्याने इंधन तिथे पुरते जळत नाही, त्याचा वायू होतो. तो तापलेल्या निखाऱ्यांतून वर येतो आणि काठाजवळच्या भोकांतून आलेल्या ताज्या हवेत पेट घेतो. चुलीत एकाच तोंडात गुंतलेल्या दोन हवा इथे पहिल्यांदा वेगळ्या झाल्या.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एच. एस. मुकुंदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तत्त्वावर लहान पंख्याची घरगुती शेगडी विकसित केली. बीपी कंपनीने ती ‘ऊर्जा’ नावाने २००६पासून विकायला घेतली. पुढे हा व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे आला. महाराष्ट्र आणि दक्षिणेकडील राज्ये मिळून सुमारे ४ लाख शेगड्या विकल्या गेल्या. कांड्या शेतातल्या टाकाऊ मालाच्या होत्या. त्याच काळात पुण्यातील आरती ही डॉ. आनंद कर्वे यांनी उभी केलेली संस्था उसाच्या पाचटाचा कोळसा आणि वायू करून जाळणाऱ्या चुली यांवर काम करत होती; पाचटाच्या कोळशासाठी तिला २००२चा ॲशडेन पुरस्कार मिळाला. उसाच्या प्रदेशाला हे जळण नवे नव्हते. कोल्हापूरच्या गुऱ्हाळात चुलवाणाला चिपाड घालणारा जाळव्या अनुभवाने हेच काम करत आला होता: जळण किती आणि हवा किती, याचा मेळ घालणे.

घरगुती शेगडी मात्र टिकली नाही. कारखान्यांच्या बॉयलरना तोच शेतमाल हवा होता, त्यामुळे कांड्यांचा भाव चढत गेला आणि पुरवठा अनियमित झाला. दुसरीकडे गॅस सिलिंडर दारोदार पोचू लागला. १ मे २०१६ला उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तो गरीब घरांतही आला. फर्स्ट एनर्जीने आपले लक्ष उपाहारगृहे आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळवले. शेगडी चांगली असूनही तिचे इंधन नेमाने मिळत नसेल तर ती घरात राहत नाही, हा या टप्प्याचा सर्वांत महत्त्वाचा धडा.

मुंबईच्या उपनगरांत धुराचा प्रश्न आता वेगळ्या वाटेने परतला आहे. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या व हॉटेलांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य हरित इंधनाकडे वळण्यास सांगितले. मरोळसारख्या भागात औद्योगिक वसाहत, हॉटेले आणि जुने गावठाण एकमेकांना लागून आहेत. गावठाणातला ईस्ट इंडियन समाज बॉटल मसाला उन्हाळ्यात करतो, आणि त्याचे जिन्नस लाकडाच्या चुलीवर मंद धगीने भाजण्याची त्याची रीत आहे. लाकडाची जागा घेऊ पाहणाऱ्या कोणत्याही शेगडीला उकळीची मोठी आच आणि भाजण्याची मंद धग, दोन्ही देता यायला हवीत.

निगा आणि हवेचा मेळ

कांड्या भरताना त्या वरच्या हवेच्या भोकांखाली राहतील इतक्याच भराव्यात. भोके झाकली गेली तर वायूला जाळणारी हवाच मिळत नाही आणि शेगडी धुरते. वरचा थर लहान ढलप्यांनी पेटवावा, पंखा सुरुवातीला हळू ठेवावा आणि थर सर्वत्र पेटल्यावर वाढवावा. भरलेला डबा जळत असताना त्यात नव्या कांड्या टाकू नयेत. तापलेल्या निखाऱ्यांवर त्या एकदम वायू सोडतात आणि वरची हवा त्याला पुरत नाही.

ज्योत लांब, मंद, तांबूस आणि टोकाला काजळी धरणारी असेल तर हवा कमी पडते आहे. ज्योत आखूड असेल, फुरफुरत असेल आणि ठिणग्या उडत असतील, तर हवा जास्त आहे. शेवटी वायू संपून फक्त निखारे उरतात, तेव्हा ज्योत बुटकी आणि निळसर होते. या टप्प्यात वरची हवा कमी करावी, कारण ती आता भांडे गारच करते. निखाऱ्यांना खालची हवा पुरते. भाजण्याजोगी धग याच वेळी मिळते.

राखेची निगा इंधनावर ठरते. निवडक लाकडाच्या कांडीत राख एक टक्क्याहून कमी असते. शेतमालाच्या कांडीत ती कितीतरी पट जास्त. त्या राखेत पोटॅश आणि सिलिका असल्याने ती फार तापली की वितळून जाळीवर खंगर जमतो. प्रत्येक वापरानंतर शेगडी गार झाल्यावर राख काढावी, खंगर खरवडावा आणि जाळीची व काठाची भोके तारेने मोकळी करावीत. खंगर वारंवार धरत असेल तर पंख्याचा वेग उतरवावा किंवा कमी राखेच्या कांड्या घ्याव्यात. पंख्याच्या पात्यांवरची धूळ पुसावी आणि बॅटरी भरलेली ठेवावी. हवा कमी झाली की लक्षण ज्योतीत दिसते, कारण मात्र पंख्यात असते. आतल्या उष्णतारोधक अस्तराला तडे गेले तर आच बाहेरच्या पत्र्यात जाते; अस्तर वेळीच बदलावे.

खोली तापवणाऱ्या शेगडीतही नियम तेच. ज्वलनपात्राची भोके रोज पाहावीत, राखेचा कप्पा भरू देऊ नये, धूर नेणारी नळी ठरावीक काळाने झाडावी. दाराची काच भराभर काळी होत असेल तर नळी तुंबली आहे, दाराच्या कडेची दोरी झिजली आहे, किंवा कांड्या हवेच्या मानाने जास्त पडत आहेत, असे समजावे.

मुंबईच्या पावसाळ्यात कांड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे दमट हवा. ओलावा शोषलेली कांडी फुगते आणि पुन्हा भुसा होते. तिचा चुरा जाळीत बसून खालची हवा अडवतो. कांड्या घट्ट झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून उंच ठेवाव्यात आणि भरण्यापूर्वी चुरा चाळून काढावा. मोडताना टच् आवाज करणारी, गुळगुळीत कांडी चांगली. शेगडी कितीही स्वच्छ जळली तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू निघतोच. म्हणून स्वयंपाकाची पेलेट शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नये आणि निखारे पूर्ण विझेपर्यंत खिडकी उघडी ठेवावी.