स्फोटकांचा परवाना

दिवाळीच्या सुमारास फटाक्यांच्या दुकानांत भिंतीवर एक परवाना टांगलेला असतो. मुलें त्याकडे पाहत नाहींत. खरें सांगावयाचें तर त्यांचे वडीलही पाहत नाहींत. माल किती ठेवावा, कोठें ठेवावा आणि त्याच्या शेजारीं काय ठेवूं नये, हें अशा परवान्याच्या अटींनीं ठरतें. यांतील शेजाराची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

२ ऑक्टोबर १८७४ रोजीं पहांटे पांचच्या सुमारास लंडनच्या रीजंट कालव्यांतून मालवाहू नावांची एक रांग वाफेच्या बोटीमागें चालली होती. त्यांतील 'टिलबरी' नांवाच्या नावेंत सुमारें ५ टन बंदुकीची दारू होती, आणि तिच्याच सोबत खनिज तेलाचीं पिंपें. तेलाची वाफ विस्तवापर्यंत पोंचली व मॅकल्सफील्ड पुलाखालीं नाव उडाली. तिच्यावरील तिघे ठार झाले, पूल कोसळला. तो पुन्हां बांधतांना जुनेच लोखंडी खांब फिरवून बसविले, म्हणून ओढदोरांच्या खांचा त्यांच्या दोन्ही बाजूंस दिसतात. या अपघाताची चौकशी मेजर मॅजेंडी यांनीं केली, आणि १८७५ त ब्रिटिश पार्लमेंटानें स्फोटकांचा व्यापक कायदा केला.

त्याच धर्तीवर हिंदुस्थानांत १८८४ चा कायदा झाला. स्फोटकें तयार करणें, बाळगणें, वापरणें, विकणें, नेणें व परदेशांतून आणणें, या सर्वांस परवान्याचे नियम लावण्याचा अधिकार त्यानें सरकारास दिला. २००८ चे नियमही त्याच कायद्याखालचे. हें काम पाहणाऱ्या खात्याचें मुख्य कार्यालय आपल्या नागपुरास आहे. मात्र सैन्याचीं स्फोटकें या कायद्याच्या बहुतेक कलमांतून वगळलेलीं होतीं.

आतां मुंबईकडे वळूं. स्फोटकांच्या जहाजानें तांबडें निशाण लावावें व माल गोदीबाहेर उतरवावा, ही शांततेच्या काळांतील रीत. युद्धाच्या घाईंत ती सुटली. १२ एप्रिल १९४४ रोजीं 'फोर्ट स्टायकिन' हें जहाज थेट व्हिक्टोरिया गोदींत आलें. पोटांत सुमारें १४०० टन स्फोटकें आणि त्यांच्या जोडीला कापसाच्या हजारों गांसड्या, निशाण नाहीं. १४ तारखेस दुपारीं जहाजांत आग लागली. चार वाजून गेल्यावर, सुमारें अर्ध्या तासाच्या अंतरानें, दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडों माणसें मेलीं; त्यांत आग विझविण्यास धांवलेले ६६ बंबवाले होते.

ही हकीकत मीं वर्गांत सांगितली, तेव्हां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, तेव्हां कायदा नव्हता का?"

होता. त्यास साठ वर्षें झालीं होतीं.