पुस्तकातून परदेशी गेलेले कुलूप

आपल्यापैकी ज्यांचे बालपण गावाकडच्या पत्रांची वाट पाहण्यात गेले, त्यांना कार्ड आणि आंतर्देशीय पत्र यांतला फरक सांगायला नको. खुशाली, पाऊसपाणी, गाय व्याली, एवढे कार्डावर चालायचे. ते पोस्टमन वाचायचा, शेजारी वाचायचे, कुणाला काही वाटत नसे. पण मुलीच्या स्थळाची बोलणी, भावकीतला जमिनीचा वाद, हातउसने दिलेले पैसे हे सारे आंतर्देशीयमध्ये किंवा बंद पाकिटात जायचे. त्यात कुठले पाप लपवायचे नसे. घरची गोष्ट घरात राहावी, एवढाच हेतू असे.

ई-मेल आला तेव्हा तो सर्वांना पाकिटासारखा वाटला. प्रत्यक्षात ते कार्डच होते. वाटेतल्या ज्या ज्या संगणकावरून ते पुढे जाई, तिथे ते वाचता येण्यासारखे होते. या कार्डाला पाकीट मिळावे म्हणून गेल्या पन्नास वर्षांत जी खटपट झाली, तिचा इतिहास मोठा रंजक आहे. आज आपण मोबाइलवरून पैसे पाठवतो किंवा गावी आईला नातवाचा फोटो पाठवतो, ते त्या खटपटीच्याच जोरावर. स्मरणिकेसाठी हा विषय निवडण्याला एक घरगुती कारणही आहे. ते शेवटी सांगतो.

टोकनचा गोळा

मी सिग्नल खात्यातला माणूस, म्हणून सुरुवात आमच्याच उदाहरणाने करतो. एकेरी मार्गावर अनेक वर्षे नील्सचे टोकन यंत्र वापरात होते. दोन स्टेशनांवर दोन यंत्रे, विजेच्या तारेने एकमेकांशी बांधलेली. एका वेळी दोन्ही यंत्रांतून मिळून एकच गोळा बाहेर निघणार आणि तो ड्रायव्हरच्या हाती असेल तरच गाडी पुढच्या ब्लॉकमध्ये जाणार. या यंत्राची रचना कधीच गुपित नव्हती. ट्रेनिंग स्कूलमध्ये ते उघडून दाखवत, पुस्तकांत त्याच्या आकृत्या असत. तरीही गाड्या सुरक्षित राहिल्या, कारण सारी मदार त्या एका गोळ्यावर होती.

हेच तत्त्व १८८३ साली ऑगस्ट केरकॉफ्स या गृहस्थांनी गुप्तलेखनाबाबत मांडले. जन्माने डच असलेले हे गृहस्थ फ्रान्समध्ये भाषा शिकवत. त्यांचे म्हणणे असे, की गुप्तलेखनाची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. कुलूप कसे बनते हे सर्वांना कळले आणि तरीही ते फुटले नाही, तरच ते कुलूप चांगले.

दोन किल्ल्यांची युक्ती

पण एक अडचण शतकानुशतके होती. पाठवणारा आणि घेणारा या दोघांकडे एकच किल्ली लागे. मग ती किल्ली दूरच्या माणसाला पोचवायची कशी? सरकारे आणि सैन्ये खास दूत पाठवत. सर्वसामान्य माणसाने काय करावे?

१९७६ मध्ये अमेरिकेतील व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी यावर एक नवी दिशा दाखवली. प्रत्येकाने दोन किल्ल्या ठेवाव्यात. एक कुलूप लावण्याची, जी खुशाल जगाला वाटावी. दुसरी उघडण्याची, जी स्वतःजवळच राहावी. पुढच्याच वर्षी एमआयटीतील रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ही कल्पना गणितात बसवली. तिचे मर्म शाळकरी मुलालाही कळेल. ६१ गुणिले ५३ किती, हे कागदावर लगेच येते : ३२३३. पण नुसता ३२३३ हा आकडा देऊन तो कोणत्या दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे असे विचारले, तर बराच वेळ बसावे लागते. आकडा शेकडो अंकी असेल तर संगणकही हात टेकतो.

या तिघांचे १२९ अंकी आव्हान १९७७ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात छापून आले. बक्षीस होते १०० डॉलर. ते सुटायला १९९४ साल उजाडले आणि त्यासाठी इंटरनेटवरून सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपले संगणक कामाला लावले होते. गंमत म्हणजे हीच युक्ती ब्रिटिश सरकारच्या गुप्तचर खात्यातील गणितज्ञांना १९७३ सालीच सुचली होती. पण ती दप्तरात बंद राहिली आणि १९९७ मध्ये उघड झाली. तोवर जग दुसऱ्यांच्या खुल्या शोधावर पुढे निघून गेले होते.

कुलूप की दारूगोळा?

१९९१ मध्ये अमेरिकन सिनेटमध्ये एक विधेयक आले. संदेशवहनाच्या यंत्रणेत सरकारला मूळ मजकूर मिळण्याची सोय असावी, असे त्यातले एक कलम सुचवत होते. कोलोरॅडो राज्यातील फिल झिमरमन हा संगणक अभियंता त्याने अस्वस्थ झाला. सामान्य माणसाला ई-मेल बंद करता यावा म्हणून तो एक प्रोग्रॅम लिहितच होता. कायदा होण्याआधी कुलूप लोकांच्या हाती पडले पाहिजे, म्हणून त्याने सर्व कामे बाजूला ठेवली. या नादात त्याचे घराच्या कर्जाचे पाच हप्ते थकले. जून १९९१ मध्ये त्याने ‘पीजीपी’ हा प्रोग्रॅम फुकट वाटायला दिला, तोही मूळ लिखाणासह, म्हणजे कुणीही उघडून तपासावा असा. त्या विधेयकातले ते कलम पुढे कायद्यात आलेच नाही.

प्रोग्रॅम मात्र इंटरनेटवरून देशाबाहेर गेला आणि तिथे घोटाळा झाला. तेव्हा अमेरिकेच्या नियमांत मजबूत गुप्तलेखनाची गणना युद्धसामग्रीत होई. विनापरवाना निर्यात म्हणजे शस्त्रे बाहेर पाठवल्यासारखेच! १९९३ मध्ये झिमरमनची चौकशी सुरू झाली आणि ती तीन वर्षे चालली.

या नियमाची झळ आपल्यालाही लागत होती. अमेरिकेबाहेर मिळणाऱ्या ब्राउझरमध्ये मुद्दाम कमकुवत, ४० बिटांच्या किल्लीचे कुलूप असे. १९९५ मध्ये फ्रान्समधील एका संशोधकाने ते आठ दिवसांत उघडून दाखवले.

तेव्हा काढलेला तोडगा वाचून आजही हसू येते. निर्यातबंदी संगणकातल्या प्रोग्रॅमवर होती. छापील पुस्तकावर मात्र नव्हती, कारण अमेरिकेच्या राज्यघटनेत मुद्रणस्वातंत्र्याला फार मोठे स्थान आहे. म्हणून १९९५ मध्ये एमआयटीच्या प्रकाशन संस्थेने पीजीपीचा सगळा प्रोग्रॅम पुस्तकरूपाने छापला. अक्षरे अशी निवडली की यंत्राला ती परत वाचता यावीत. पुढे १९९७ मध्ये नव्या आवृत्तीची हजारो पाने अशीच छापून युरोपात नेली गेली. तिथे स्वयंसेवकांनी एकेक पान स्कॅन करून, चुका दुरुस्त करून प्रोग्रॅम पुन्हा उभा केला. आपल्याकडे पोथ्यांच्या नकला करत, तसाच हा प्रकार!

जानेवारी १९९६ मध्ये झिमरमनवरील चौकशी आरोप न ठेवता बंद झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील केंद्रीय न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात प्रोग्रॅमचे लिखाण हीदेखील अभिव्यक्तीच आहे असे मान्य केले. २००० साली निर्यातीचे नियम बरेच सैल झाले.

सरकारजवळची जादा किल्ली

सरकारची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. कुलूप चोरालाही मिळते, दहशतवाद्यालाही मिळते. पोलिसांनी तपास करायचा कसा, हा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही आहे. त्यावर १९९३ मध्ये अमेरिकन सरकारने ‘क्लिपर चिप’ पुढे केली. टेलिफोनमध्ये ही चिप बसवायची. कुलूप मजबूत, पण प्रत्येक चिपच्या किल्लीचे दोन अर्धे भाग दोन सरकारी खात्यांकडे राहणार. चिपमधले गणित मात्र गुप्त.

आमच्या रिले रूमलाही दोन कुलपे असतात. एक किल्ली स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नल मेंटेनरकडे. उघडल्याची नोंद रजिस्टरमध्ये होते. पद्धत उत्तम आहे, पण ती खोली रेल्वेची आहे. लोकांच्या देवघराला अशी कुलपे लावून किल्ल्या दोन खात्यांनी ठेवाव्यात, हे अमेरिकन जनतेला पटले नाही. त्यातच १९९४ मध्ये बेल लॅब्जच्या मॅट ब्लेझ यांनी चिपमधील एक दोष दाखवला : कुलूप लागेल, पण सरकारची जादा किल्ली निकामी होईल, अशी फसवणूक शक्य होती. दोन-तीन वर्षांत योजना गुंडाळली गेली.

मोफत आणि मुक्त

इथे या कथेला मुक्त सॉफ्टवेअरचा धागा येऊन मिळतो. १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत नवा लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकला की सर्वांना सूचना जावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांना करायची होती. पण त्याच्या प्रोग्रॅमचे मूळ लिखाण त्यांना मिळाले नाही. विकत घेतलेल्या यंत्राचे झाकण उघडायची मनाई! २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला : प्रोग्रॅम कुणीही वापरावा, वाचावा, सुधारावा, पुढे द्यावा. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाने मोफत आणि मुक्त यांचा गोंधळ होतो. मराठीत सुदैवाने दोन शब्द आहेत.

१९९९ मध्ये जर्मनीतील वेर्नर कॉख यांनी पीजीपीच्या धर्तीवर ‘ग्नू प्रायव्हसी गार्ड’ हे पूर्णपणे मुक्त कुलूप तयार केले. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकन पाळतीची कागदपत्रे उघड केली, तेव्हा पत्रकारांशी बोलताना त्यांनी याच जातीच्या कुलपावर भरवसा ठेवला होता. आणि ज्याच्या कुलपावर जग विसंबले, ते कॉख जवळजवळ एकट्याने, पैशाच्या ओढाताणीत ते सांभाळत आहेत, हे २०१५ मध्ये जगाला कळले. बातमी छापून आल्यावर मदतीचा ओघ लागला.

मुक्त म्हणजे आपोआप सुरक्षित, असे मात्र समजू नये. एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या मुक्त प्रोग्रॅममध्ये ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष सापडला. तो दोन वर्षे सर्वांच्या डोळ्यांसमोर होता, पण पाहणारे डोळेच कमी होते. तपासणीची मुभा असणे वेगळे आणि तपासणी होणे वेगळे, हे आम्हा मेंटेनन्सवाल्यांना कुणी सांगायला नको.

आपल्याकडे

सप्टेंबर २०१५ मध्ये आपल्या केंद्र सरकारने गुप्तलेखन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. कुलूप लावून पाठवलेल्या मजकुराची साधी प्रत नागरिकांनीही ९० दिवस जपून ठेवावी, अशी त्यात अपेक्षा होती. देशभर टीका झाली आणि मसुदा काही दिवसांतच मागे घेतला गेला.

त्याहून मोठी घटना २०१७ ची. त्या वर्षी २४ ऑगस्टला हरितालिका होती, दुसऱ्या दिवशी गणपती. घरोघर मखराची गडबड चालू असताना सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारसंबंधी केलेल्या याचिकेतून हा प्रश्न आला होता. १९५४ चे आठ आणि १९६२ चे सहा न्यायाधीशांचे निकाल आड येत होते, म्हणून नऊ जण बसले. त्यांत बोबडे, सप्रे आणि चंद्रचूड ही तीन नावे आपल्या ओळखीची. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात आणीबाणीतला १९७६ चा निकालही चुकीचा ठरवला. त्या जुन्या निकालातील बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही केला.

एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअॅपच्या संदेशांना दोन्ही टोकांचे कुलूप आहे. म्हणजे कार्डाला पाकीट अखेर मिळाले. पण पाकिटावरचा पत्ता उघडाच राहतो. कोण कुणाशी, केव्हा, किती वेळा बोलले, हे त्या कुलपाने झाकले जात नाही.

आता ते घरगुती कारण. आपल्यातील एका निवृत्त सहकाऱ्याला गेल्या वर्षी एक फोन आला. बोलणाऱ्याला त्यांची जन्मतारीख, निवृत्तीची तारीख आणि क्वार्टर नंबरसुद्धा ठाऊक होता. एवढे सगळे बरोबर सांगतो म्हणजे माणूस खात्यातलाच, असे समजून काकांनी त्याला ओटीपी सांगितला आणि फंडाच्या पैशातला मोठा हिस्सा गेला. माहिती कुठून गेली, हे शेवटपर्यंत कळले नाही. जगातले सर्वांत मजबूत कुलूप इथे उपयोगाचे नव्हते, कारण किल्ली हातानेच दिली गेली.

मग मी आपल्याच स्मरणिकेचे जुने अंक काढले. मागच्या पानांवर सभासदांची सूची : नाव, क्वार्टर नंबर, फोन, जन्मतारीख, रक्तगट. अंक दोनशे घरांत जायचा तेव्हा ती सोय होती. परदेशी आलेल्या कुटुंबांना एकमेकांचा आधार होता. आता अंकाची पीडीएफ इंटरनेटवर ठेवण्याची सूचना आहे. सूचना चांगली आहे, नागपूर-पुण्याला गेलेल्या मुलांनाही अंक वाचता येईल. माझी कार्यकारिणीला एवढीच विनंती आहे, की सूची फक्त छापील अंकात द्यावी, तीही नाव आणि फोनपुरती आणि ज्यांची संमती असेल त्यांचीच. रक्तगटाची यादी सचिवांच्या वहीत असू द्या. रात्री-अपरात्री गरज पडली तर त्यांचे दार वाजवायला आपल्याला कधी संकोच वाटला आहे?

काकांनी ही हकीकत नाव न घालता लिहायला परवानगी दिली, याबद्दल त्यांचे आभार. आणि सर्वांना विनंती : ओटीपी मागणारा कितीही ओळखीचा वाटला तरी फोन ठेवा आणि आधी शेजारच्या क्वार्टरमध्ये विचारा.

गणपती बाप्पा मोरया!