जमिनीच्या पोटाचा ठाव

विद्यार्थिमित्रांनो, विहीर खणण्यापूर्वी पाणी कोठे लागेल हे डोळ्यांना दिसत नाही. मग हजारो मीटर खोल दडलेल्या खडकांचा ठाव शास्त्रज्ञांनी कसा घेतला? त्या कथेचा एक मोठा अध्याय आपल्याच देशात घडला आहे.

एकोणिसाव्या शतकात भारताची त्रिकोणमितीय मोजणी चालू होती. तिच्या नाजूक यंत्रांची दुरुस्ती व निगा ठेवणाऱ्यांत अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन हे कुशल कारागीर होते. या मोजणीत कल्याणपूर व उत्तरेकडील कलियाना यांमधील सुमारे ६०० किलोमीटरांचे अंतर जमिनीवरून मोजले आणि ताऱ्यांच्या वेधांवरूनही काढले. दोहोंत ५.२३६ विकलांचा, म्हणजे सुमारे १६० मीटरांचा फरक आला.

हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढत असावा, असे मानून कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी गणित मांडले. उत्तर आले १५.८८५ विकला, म्हणजे तिप्पट! न जुळणारे हे उत्तर त्यांनी दडवले नाही. १८५५ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी उलगडा सुचवला : पर्वताखाली हलक्या खडकाचे मूळ खोलवर गेलेले असते, म्हणून ओढ कमी पडते. आज गुरुत्वमापक याच तत्त्वावर हलका व जड खडक ओळखतो.

दुसरी पद्धत कंपनलहरींची. जमिनीवर वा समुद्रात लहानसा धक्का द्यावयाचा आणि थरांवरून परतणारा प्रतिध्वनी टिपावयाचा. लहरीचा वेग सेकंदाला ३,००० मीटर असून ती २ सेकंदांत परतली, तर थर ३,००० मीटर खोल. कारण निम्मा वेळ जाण्यात, निम्मा येण्यात.

१९६० नंतरच्या दशकात सोविएत तंत्रज्ञांच्या साहाय्याने अरबी समुद्रात असेच सर्वेक्षण झाले. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरांवर समुद्रतळाखाली घुमटासारखी रचना आढळली. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तेथे छिद्र पाडले व तेल लागले, १९७६ साली उत्पादन सुरू झाले. बॉम्बे हाय ते हेच.

पालकहो, मुलाचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही, तर रागावण्यापूर्वी त्याने ते कसे काढले हे जरूर विचारा. आणि मित्रांनो, प्रयोगवहीतला न जुळणारा आकडा खोडू नका. प्रॅट यांनी तो खोडला असता, तर पर्वतांची मुळे आणखी किती काळ अंधारात राहिली असती, कोण जाणे!